पितृपक्षातला तंबोरा

अनंत चतुर्दशीला मांडव उतरतात आणि दुसऱ्या दिवसापासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे फोन गप्प होतात. कालपर्यंत एका संध्याकाळी दोन-दोन सोसायट्या गाठणारा तबलजी घरी बसतो. पितृपक्षात कोणी शुभकार्य काढत नाही, त्यामुळे कार्यक्रमही ठरत नाहीत. सर्वपित्री अमावस्या उलटून घट बसेपर्यंत हे असंच चालतं. जुन्या कलाकारांना त्याची सवय असते. ते या दिवसांत तबल्याच्या पुड्या बदलून घेतात, गावी जाऊन येतात. पण विशारद होऊन दोन-तीन वर्षं झालेली, ‘मी गाणंच करणार’ असं घरी सांगून बसलेली मुलंमुली या पंधरवड्यात खचतात. पहिले चार दिवस विश्रांती म्हणून बरे जातात. आठव्या दिवशी फोनला रेंज आहे ना, ते बघितलं जातं. दहाव्या दिवशी मनात येतं, आता आपल्याला कोणी बोलावणार नाही.

फोन गप्प असतो पंचांगामुळे आणि मन त्याचा संबंध लावतं आपल्या लायकीशी. उमेदवारीच्या वर्षांत मन खचतं ते बहुतेक वेळा अशाच चुकलेल्या हिशेबामुळे, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून नुसता ‘सकारात्मक राहा’ हा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. मन काही मुठीत धरून ठेवता येत नाही. दिवस, पैसा, आवाज आणि सोबतीची माणसं मात्र हाताशी असतात. ती नीट सांभाळली की मनही बरंचसं ताळ्यावर राहतं.

सुरुवात वर्षाच्या नकाशापासून करावी. आपल्याकडे आषाढीच्या आगेमागे अभंगांचे कार्यक्रम होतात, मग गुरुपौर्णिमा येते. श्रावणात थोडंफार भजन आणि मंगळागौर, भाद्रपदात गणपती, मग पंधरवड्याचा शुकशुकाट, नवरात्र, दिवाळी पहाट आणि तिथून फाल्गुनापर्यंत महोत्सवांचा हंगाम. पुढे परीक्षा आणि उन्हाळा. हे बारा महिने एका मोठ्या कागदावर मांडून भिंतीला लावले की कोणते रिकामे दिवस आपले आहेत आणि कोणते सगळ्यांचेच आहेत, ते दिसतं. आणखी एक दिसतं. दिवाळी पहाटेची बोलणी पावसाळ्यातच सुरू झालेली असतात, त्यामुळे कोजागिरीला फोन करणाऱ्याला ‘यंदाचं ठरलं हो’ एवढंच ऐकायला मिळतं. तो नकार गाण्याला नसतो, उशिराला असतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या कार्यक्रमांसाठी आयोजकांना ध्वनिमुद्रण पाठवायचं असेल तर पितृपक्षाइतका मोकळा वेळ दुसरा नाही. पाठवताना तासाभराची अख्खी मैफल पाठवू नये. सहा-सात मिनिटांचा एक तुकडा पाठवावा. त्यात विलंबिताची दोन आवर्तनं, थोडी द्रुत बंदिश आणि एक ठुमरी किंवा अभंग असावा. सोबत चार ओळींत आपली ओळख आणि गुरूंचं नाव. दोन आठवड्यांनी एकदा विचारावं आणि मग तो विषय सोडून द्यावा.

पैशाचं बोलायला आपल्या क्षेत्रात अजून संकोच वाटतो. मनावरचा सगळ्यात मोठा भार मात्र तोच असतो. समजा एका मैफलीची बिदागी १५,००० रुपये ठरली. तबला ४,०००, पेटी ४,०००, तंबोऱ्यावर बसणाऱ्या विद्यार्थिनीला १,०००, गाडीभाडं १,५००. गाणाऱ्याच्या हाती उरले ४,५००. महिन्याचा खर्च २०,००० असेल तर अशा चार-पाच मैफली दरमहा हव्यात, आणि वर्षातले तीन-चार महिने त्या एकही होत नाहीत. हे गणित न मांडता मैफलींवर जगायची आस धरली की दर महिन्याच्या वीस तारखेनंतर आपण हरल्यासारखं वाटतं. बारा विद्यार्थी, प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे १८,०००. एवढी शिकवणी असली की मैफलीकडे पोटाची सोय म्हणून बघावं लागत नाही आणि गाताना तो मोकळेपणा आवाजात येतो.

शिकवणीने स्वतःचं गाणं मागे पडतं, ही तक्रारही खरी आहे. त्याचं एक साधं कारण फारसं बोललं जात नाही. लहान मुलींची पट्टी, म्हणजे त्यांचा षड्ज, पेटीच्या काळी चार-पाचवर असते. काळी एकमध्ये गाणारा शिक्षक संध्याकाळी चार तास त्यांच्या पट्टीत गाऊन दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा खर्ज, म्हणजे खालचा सूर, लागत नाही. मग त्याला वाटतं, आपला आवाज गेला. त्यावर उपाय असा, की एका पट्टीची मुलं एका दिवशी घ्यावीत, दाखवायचं ते पेटीवर दाखवावं, एकदाच गावं आणि मुलांकडून पाच वेळा म्हणवून घ्यावं. सकाळचा वेळ मात्र कोणालाही देऊ नये, कितीही फी देत असले तरी.

फुकट कार्यक्रमाचा फोन येतोच. ‘मोठं व्यासपीठ आहे, ओळखी होतील’ असं त्यात असतंच. प्रत्येक वेळी नाही म्हणायची गरज नाही. ऐकणारे जाणकार असतील, ध्वनिव्यवस्था चांगली असेल किंवा मनासारखा तासभर राग गायला मिळणार असेल, तर यातल्या एका कारणासाठी जावं. तिन्हीपैकी काहीच नसेल तर नम्रपणे सांगावं, ‘काका, तुम्ही हे किती मनापासून करता ते मला ठाऊक आहे. माझं मानधन राहू द्या, पण साथीदारांचं आणि प्रवासाचं तेवढं बघावं लागेल.’ हे वाक्य आधी घरी दोनदा मोठ्याने म्हणून बघावं, कारण ऐनवेळी जीभ रेटत नाही. साथीदाराचं पाकीट त्याच रात्री, आपलं पाकीट उघडण्याआधी त्याच्या हाती द्यावं. पुढच्या दहा वर्षांत बिकट प्रसंगी हीच माणसं पाठीशी उभी राहतात.

आता रियाजाकडे. पडते दिवस रियाजाच्याच खोलीत सुरू होतात आणि सावरतातही इथेच.

यमनची एक सरळ तान घेऊ. नि रे ग म॑ ध नि सां, आणि तशीच खाली. विलंबित लयीत ती सुरेख जाते. दुगुनीलाही जाते. एका ठरावीक लयीला मात्र ती फुटते, आणि महिनाभर घोटूनही तिथेच फुटत राहते. ‘माझा गळा तानेचा नाहीच’ हे वाक्य इथे जन्माला येतं. तान अख्खी फुटत नाही, एकाच जागी फुटते. बहुतेकांची ती जागा म॑ आणि ध यांच्यामध्ये असते. वेग वाढला की तीव्र मध्यम किंचित खाली घसरतो, शुद्ध मध्यमाकडे झुकतो, मग तिथून धैवतापर्यंतची उडी लांब होते आणि ती मारताना जबडा आवळला जातो. आरशात बघितलं तर हनुवटी पुढे आलेली दिसते. अशा वेळी पूर्ण तान शंभर वेळा म्हटली तर शंभर वेळा चूक घोटली जाते. तान बाजूला ठेवावी. ग-म॑-ध हे तीनच स्वर घ्यावेत, मध्यमावर चार मात्रा थांबावं आणि तो तंबोऱ्यात मिसळतोय का ते ऐकावं. मग तीन मात्रा, दोन, एक. नंतर रे-ग-म॑-ध, ग-म॑-ध-नि असे चार-चारचे तुकडे. जिथे तान फुटते त्याच्या साठ टक्के लयीपासून सुरुवात करावी, आणि सलग पाच वेळा स्वच्छ गेली तरच तबल्याच्या अ‍ॅपवर लय मिनिटाला चार मात्रांनी वाढवावी. एका दिवसात दोनदाच वाढवावी. तीन आठवड्यांनी ती जागा पार झालेली असते, कधी पाच आठवडेही लागतात.

यासाठी एक साधी शंभर पानी वही पुरते. रोज तारीख, किती मिनिटं, कुठली पट्टी, काय घोटलं, कुठल्या लयीपर्यंत स्वच्छ गेलं आणि कुठली जागा अडली, एवढंच लिहावं. ‘आज छान झालं’, ‘आज वाईट झालं’ हे शब्द वहीत घालू नयेत. छान-वाईट हे झोपेवर, हवेवर, घरातल्या भांडणावर अवलंबून असतं. लय ९६ वरून १०८ वर गेली हे कशावरही अवलंबून नसतं. खचलेल्या दिवशी सहा महिन्यांपूर्वीचं पान उघडावं. कोणाच्याही कौतुकाने जो धीर येत नाही, तो आपल्याच अक्षरातल्या त्या आकड्याने येतो.

ध्वनिमुद्रण ऐकणं ही दुसरी कसोटी. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकून रडू न आलेला विद्यार्थी विरळाच. आपण गातो तेव्हा स्वतःचा आवाज कानाबरोबर कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, आणि हाडांतून येताना त्याचा खालचा भाग भरीव होऊन येतो. ध्वनिमुद्रणात तो भराव नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. त्यात मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबतो आणि लहान आवाज उचलतो, त्यामुळे मेहनतीने साधलेले चढउतार सपाट होतात. म्हणजे ऐकून जी निराशा येते तिच्यातला बराच भाग यंत्राचा आणि हाडांचा असतो. फोन पेटीवर न ठेवता तीन-चार फुटांवर, छातीच्या उंचीला ठेवावा. ध्वनिमुद्रणात तंबोरा स्पष्ट यायला हवा, नाहीतर सूर तपासायचा कशाशी? आणि त्याच दिवशी ऐकू नये. गाऊन उठल्यावर कान अजून आपल्या मनातलंच गाणं ऐकत असतात. दोन दिवसांनी ऐकावं, एकदा फक्त सुरासाठी, एकदा फक्त लयीसाठी.

तंबोऱ्याचं अ‍ॅप ज्या फोनवर त्याच फोनवर रील्स येतात, ही आजची खरी अडचण आहे. रियाज सुरू करताना फोन विमान-मोडवर टाकावा, अ‍ॅप तरीही चालतं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये दिसते ती विसाव्या प्रयत्नात जमलेली एक हरकत. तिची तुलना आपल्या सकाळच्या न तापलेल्या आवाजाशी केली तर आपला आवाज हरणारच. आकडेही नीट समजून घ्यावेत. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं १२ महिन्यांत निदान १,००० वेळा ऐकलं गेलं तरच त्याचे पैसे मोजले जातात. यूट्यूबवर नेहमीच्या व्हिडिओंच्या जाहिरातींतून उत्पन्न सुरू व्हायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं. हे उंबरठे त्या कंपन्यांच्या हिशेबाचे आहेत. ८७० वर अडकलेला बडा ख्याल वाईट असतो असं त्यातून काही ठरत नाही. आकडे बघायचेच तर महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी बघावेत.

आवाज बसला की मन लगेच बसतं. इथे थोडं शरीरशास्त्र ठाऊक असलं तर पुष्कळ भीती जाते. प्यालेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. स्वरतंतू ओले राहतात ते शरीरात मुरलेल्या पाण्याने, म्हणून मैफलीआधी पाच मिनिटं घटाघटा पिण्यापेक्षा सकाळपासून घोट-घोट घेतलेलं पाणी कामाला येतं. वाफ मात्र थेट पोचते. रात्रीच्या कार्यक्रमानंतर साडेबाराला मिसळ नाहीतर वडापाव खाऊन लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं आणि सकाळी घसा खरखरतो. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत. बसलेल्या घशाने कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही ताण येतो. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्यावेत. तंतूंवर बारीक गाठी निघाल्या म्हणजे गाणं संपलं, असं नाही. त्या बऱ्याचदा आवाजाच्या उपचारांनी आणि गाण्याची पद्धत सुधारून जातात. लपवून गात राहणं हे सगळ्यात घातक, आणि आपल्याकडे मुलं तेच करतात.

अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिगाण्याने बसला आणि परत आला तेव्हा तो पहिल्यासारखा नव्हता, असं सांगतात. जो आवाज उरला त्याला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि पुढे कोल्हापूर-मुंबईत जयपूर घराणं म्हणून तीच मान्यता पावली. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं. १९४८ च्या सुमारास ते देवासला गेले आणि पाचेक वर्षं त्यांचं गाणं बंद राहिलं. या काळात माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानांवर पडत राहिली आणि पुढच्या गाण्यात ती मुरून आली. मल्लिकार्जुन मन्सूरांचा जन्म १९१० चा. त्यांना पद्मश्री मिळाली १९७० मध्ये, आणि देशभर नाव झालं ते उतारवयातच. ही उदाहरणं आपण एकमेकांना धीर द्यायला सांगतो, आणि ती खरी आहेत. तरी ती सांगताना मला थोडं थांबावंसं वाटतं. थांबून पुढे गेलेल्यांचीच नावं आपल्यापर्यंत पोचतात. म्हणून ‘तेही थांबले होते, मग तेही मोठे झाले’ एवढ्यावर आयुष्य टांगू नये. गाणं थांबलेलं असताना त्यांनी काय केलं, ते मात्र जरूर उचलावं. एकाने बदललेला आवाज ओळखून त्याच्याजोगं गाणं बांधलं, दुसऱ्याने कान उघडे ठेवले.

नकार पचवायचीही रीत असते. आकाशवाणीची चाचणी, स्पर्धा, शिष्यवृत्तीची मुलाखत, यातून परतताना मन एका चुकीचा सिद्धान्त करून टाकतं. ‘झपतालात दोनदा सम (तालाची पहिली मात्रा) हुकली’ ही घटना, आणि ‘मला ताल कळत नाही’ हा सिद्धान्त. त्याच रात्री वहीत फक्त घटना लिहाव्यात. परीक्षक भेटले तर ‘कसं झालं?’ असं विचारू नये, त्यावर ‘छान, मेहनत करा’ एवढंच मिळतं. ‘अंतऱ्यात सूर कुठे उतरत होता?’ असं विचारावं, त्याला उत्तर मिळतं. आकाशवाणीची श्रेणी बी, बी हाय, ए आणि टॉप अशी चढत जाते, आणि चढणारे तिच्यात वर्षानुवर्षं चढत असतात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. आताशा तो पाच दिवसांचा असतो. रोज चार-पाच कलाकार धरले तर वर्षाला वीस-पंचवीस जण झाले, आणि त्यात गायन, वादन, नृत्य सगळं आलं. त्या मंचाची ओढ असावी, पण आपल्या वर्षाचं मोजमाप त्या एका यादीवर ठेवलं तर दर डिसेंबरला शोककळा ठरलेलीच.

मंचावरच्या भीतीबद्दल एकच सांगतो, कारण ते फार जणांच्या लक्षात येत नाही. घाबरलेल्या माणसाची लय वाढते. घरी ठरवलेला विलंबित एकताल मंचावर आपल्याला संथ, रेंगाळलेला वाटतो आणि आपण तबलजीला नकळत पुढे ढकलतो. मग पंधराव्या मिनिटाला दम लागतो. तालमीतल्या लयीचं पंधरा सेकंदांचं ध्वनिमुद्रण फोनवर ठेवावं आणि मंचावर जाण्याआधी विंगेत ऐकून तबलजीबरोबर पक्कं करावं. सम हुकलीच तर थांबू नये आणि चेहरा वाकडा करू नये. पुढच्या आवर्तनात मुखडा, म्हणजे समेवर येणारी बंदिशीची ओळ, नीट धरावा. श्रोत्याच्या लक्षात तो मुखडा राहतो.

गाण्याचा रियाज एकट्याचा, आणि एकटेपणा फार चिवट. आठवड्यातला एक दिवस ठरवून तबला वाजवणाऱ्या मित्राबरोबर दोन तास बसावं, पैसे नाहीत, श्रोते नाहीत, चहा मात्र असावा. पंधरवड्यात कोणाशीच बोलणं झालेलं नसताना ‘अरे, तिहाईमध्ये अर्धी मात्रा जास्त घेतोयस’ एवढं वाक्यसुद्धा माणसाला जागेवर आणतं. पण झोप आणि भूक दोन आठवडे गेलेली असेल, तंबोरा हातात घ्यावासाच वाटत नसेल, तर तो रियाजाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांना भेटावं. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. ताप आल्यावर गोळी घेतो, तसंच हे.

आणि पितृपक्षात करायला एक सुंदर काम आहे. पावसाळाभर दमट हवेत राहिलेला तंबोरा या दिवसांत खोलीबाहेर काढावा. गवसणी उतरवून भोपळ्याला चीर गेली नाही ना ते बघावं, खुंट्यांना थोडा खडू लावावा, गंजलेल्या तारा बदलाव्यात. जवारी, म्हणजे घोडीचा तारा टेकतात तो घासून बसवलेला भाग, फारच दबली असेल तर ती मिरजेच्या किंवा आपल्या गावातल्या कारागिराकडेच न्यावी, घरी कानस लावू नये. ती ठीक असेल तर पंचम, दोन्ही जोड आणि खर्ज या चारही तारा मिळवून घ्याव्यात आणि मग खर्जाच्या तारेखाली सुती दोरा सरकवावा. तार छेडत दोरा पुढे न्यावा, अगदी केसभर. आधी तार बोथट बोलते, जरा पुढे गेलं की झणझणते, तीही नको असते. मधली एक जागा सापडेपर्यंत दोरा पुढेमागे करत राहावं, घाई करू नये, पंखा बंद असावा. ती जागा आली की खर्ज लांबत जातो, आणि तो विरता विरता कोणीही न छेडलेला गंधार त्यातून वर येतो.